तमिळ ‘सिंगम’ आणि मराठी मुलखातील फौजदार

एखाद्या चित्रपटाचे यश किती टिकाऊ आहे हे ठरविताना सामान्यतः त्याच्या उत्पन्नाचे आकडे पुढे केले जातात. हे आकडे एक-दोन वर्षांत शिळे होतात. भाषेत मागे राहिलेला शब्द मात्र पुष्कळ काळ साक्ष देत राहतो. मराठीत गेल्या दीड दशकात असा एक शब्द स्थिरावला आहे. वाळूचे ट्रक अडविणारा तहसीलदार, हातभट्ट्या मोडणारा फौजदार, अतिक्रमणे हटविणारा पालिका आयुक्त, अशा कोणत्याही करड्या अधिकाऱ्याचे वर्णन वृत्तपत्रे ‘सिंघम’ या एका शब्दात उरकतात. अधिकारी स्त्री असल्यास ‘लेडी सिंघम’ असे जोडनाम योजतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत हा शब्द बोलण्यातही सहज येतो, आणि त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. तो मूळचा एका तमिळ चित्रपटाच्या नावाचा आहे, ही गोष्ट मात्र वापरणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात असते.

त्या चित्रपटाचा मराठी मुलखापर्यंत झालेला प्रवास, वाटेत कथेत पडलेला फरक आणि त्यातून पोलीस अधिकाऱ्याविषयी रूढ झालेली कल्पना, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे.

‘सिंगम’ हा तमिळ चित्रपट २८ मे २०१० रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हरी, नायक सूर्या, नायिका अनुष्का शेट्टी आणि खलनायक प्रकाश राज. तमिळमध्ये ‘सिंगम’ म्हणजे सिंह. संस्कृत ‘सिंह’ याच शब्दाचे ते दाक्षिणात्य रूप होय. चित्रपटातील दुरै सिंगम हा तूत्तुकुडी जिल्ह्यातील नल्लूर या गावचा फौजदार आहे. घराणे किराणा व्यापारातले. त्याला स्वतःला दुकानच चालवावयाचे होते, वडिलांच्या आग्रहास्तव तो पोलिसात आला आहे. चेन्नईतील मयिलवाहनम नावाच्या खंडणीबहाद्दराला न्यायालयाने अटीवर जामीन दिलेला असतो, आणि ती अट अशी की त्याने नल्लूरच्या ठाण्यात हजर होऊन सही करावी. तो स्वतः न येता दुसऱ्याला पाठवितो. फौजदार ते मान्य करीत नाही. सारे वैर या एका सहीवरून उद्भवते, आणि पुढे त्याचा सूड म्हणून खलनायक आपल्या वजनाने फौजदाराची बदली चेन्नईला, म्हणजे स्वतःच्या मुलखात, घडवून आणतो.

तमिळ पडद्यावर पोलीस नायकाची परंपरा जुनी आहे. शिवाजी गणेशन यांचा ‘तंगपदक्कम’ (१९७४) आणि रजनीकांत यांचा ‘मूंड्रु मुगम’ (१९८२) ही तिची ठळक उदाहरणे. (यांतील रजनीकांत हे बंगळूरच्या मराठी घरात शिवाजीराव गायकवाड म्हणून जन्मले, तेव्हा तमिळ फौजदाराच्या घडणीत एका मराठी माणसाचा हात आधीच लागलेला होता असे म्हणावयास हरकत नाही.) हरी यांनी स्वतः २००३ साली ‘सामी’ या चित्रपटात याच वळणाचा पोलीस नायक रंगविला होता. ‘सिंगम’मध्ये नवे असे फार थोडे आहे. त्याचे बळ गतीत आहे. एक प्रसंग संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो, आणि नायकाच्या वागणुकीविषयी शंका घेण्यास प्रेक्षकाला उसंत मिळत नाही.

हा साचा लगोलग इतर भाषांनी उचलला. २०११ या एकाच वर्षी कन्नडमध्ये ‘केंपेगौडा’, बंगालीत ‘शत्रु’ आणि हिंदीत ‘सिंघम’ असे तीन अवतार झाले. पंजाबी ‘सिंघम’ २०१९ मध्ये आला. तमिळमध्ये मूळ चित्रपटाचे दोन उत्तरभाग २०१३ व २०१७ साली निघाले. मराठी मुलखाशी ज्याचा संबंध येतो तो हिंदी अवतार होय. रोहित शेट्टी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २२ जुलै २०११ रोजी पडद्यावर आला.

तमिळ फौजदाराला हिंदीत आणताना त्याला उत्तर हिंदुस्थानी करणे सोपे होते; निर्मात्यांनी त्याला मराठी केले, ही या प्रवासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. नल्लूरच्या जागी गोवा-महाराष्ट्र सीमेजवळचे शिवगड नावाचे कल्पित गाव आले आणि चेन्नईच्या जागी गोवा. नायकाचे नाव बाजीराव ठेवण्यात आले. अजय देवगण यांच्याभोवती अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, अनंत जोग अशी मराठी रंगभूमीवर व पडद्यावर मुरलेली मंडळी उभी केली गेली, आणि संगीत अजय-अतुल यांच्याकडे सोपविले गेले. प्रकाश राज तेवढे मूळच्या भूमिकेत राहिले, परंतु मयिलवाहनमचा जयकांत शिक्रे झाला. नायकाच्या मराठीपणात एकच वस्तू परकी राहिली, ती म्हणजे त्याचे आडनाव. ‘सिंगम’ हे आडनाव तेलुगू भाषकांत आढळते. मराठीत ते रूढ नाही. शीर्षकाची लोकप्रियता सोडवेना म्हणून ते जसेच्या तसे ठेवले आणि त्यातील ‘ग’चा ‘घ’ केला. या सरमिसळीने एक वादही ओढवून घेतला. नायकाच्या तोंडी कन्नड भाषकांचा उपमर्द करणारा एक संवाद होता. त्यावरून कर्नाटकात निषेध झाला व निर्मात्यांना तो काढून टाकावा लागला. सीमाप्रश्नाच्या जखमेवर बोट ठेवण्याचे काम एका तमिळ कथेच्या हिंदी रूपांतराने करावे, हा योग विचित्रच म्हटला पाहिजे.

नावांपेक्षा महत्त्वाचा फेरफार शेवटात झाला. तमिळ कथेत राज्याचे गृहमंत्री नायकाच्या पाठीशी उभे राहतात, त्याला बढती देतात, आणि तो आंध्रापर्यंत पाठलाग करून खलनायकाला गोळी घालतो. राज्यसंस्था येथे एकंदरीत भली आहे. वाईट आहेत ती तिच्यात शिरलेली काही माणसे. हिंदी कथेचा आरंभच एका प्रामाणिक निरीक्षकाच्या आत्महत्येने होतो. खोट्या आरोपांनी त्याला जीव देण्यास भाग पाडलेले असते, आणि मंत्र्यापासून वरिष्ठांपर्यंत कोणी त्याच्या पाठीशी राहिलेले नसते. अखेरीस सबंध पोलीसदल, वरिष्ठांसह, खलनायकाच्या घरावर चालून जाते, त्याला ठाण्यात आणून मारते आणि ती आत्महत्या असल्याचे जगाला सांगते. म्हणजे तमिळमध्ये एका अधिकाऱ्याने मर्यादा ओलांडली, तर हिंदीत संपूर्ण दलाने मिळून खोटी नोंद केली. प्रेक्षागृहात या प्रसंगी टाळ्या पडतात. ज्या फौजदाराचे पहिले शौर्य न्यायालयाच्या अटीचे अक्षरशः पालन करविण्यात होते, त्याचे शेवटचे शौर्य न्यायालयाला फसविण्यात आहे, ही विसंगती टाळ्यांत बुडून जाते.

दोन्ही नायकांच्या गाजलेल्या वाक्यांतही हाच फरक दिसतो. तमिळ नायक आपल्या ठोशाचे वजन सांगतो. ते दीड टन आहे असे त्याचे म्हणणे. ही अतिशयोक्ती खरी, पण ती मोजमापाची भाषा आहे, आणि किराणा दुकानदाराच्या मुलाला ती शोभते. हिंदी चित्रपटातील नायकाचे वाक्य मात्र शुद्ध मराठी असून ‘सटकणे’ या क्रियापदावर उभे आहे. सटकणे म्हणजे निसटणे, जागेवरून घसरणे. मराठी बोलीत संतापाच्या संदर्भात या क्रियापदाचा कर्ता बहुधा अध्याहृत असतो आणि क्रियापद स्त्रीलिंगी राहते. नेमके काय सटकले हे कोणी सांगत नाही आणि ऐकणाराही विचारीत नाही. हे वाक्य अनुवादाविना हिंदुस्थानभर गेले, ही मराठीच्या दृष्टीने नवलाची गोष्ट होय. परंतु त्याचा अर्थ पाहिला तर येथे अधिकारी आपल्या शक्तीची ग्वाही देत नसून आपला ताबा सुटल्याची घोषणा करतो, आणि त्या सुटण्यालाच न्याय मानावे अशी त्याची अपेक्षा आहे.

मराठवाड्यात हा नायक इतका सहज का सामावला, याची कारणे काही अंशी भाषिक आहेत. वली आणि सिराज यांच्या या शहरात दखनीची परंपरा तीन शतकांहून जुनी आहे. हिंदी चित्रपट समजण्यासाठी येथील मराठी भाषकाला वेगळा प्रयास पडत नाही, आणि ज्या हिंदीत मराठी वाक्ये मिसळलेली आहेत ती तर त्याच्या रोजच्या बाजारातील भाषेसारखीच वाटते. दक्षिणेतील चित्रपटांची हिंदी भाषांतरे दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे दाखविली गेल्यामुळे तमिळ-तेलुगू कथांचे वळणही प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले होते.

दुसरे कारण इतिहासात आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या अमदानीत फौजदाराला ‘अमीन’ म्हणत, आणि गावात अमीन येणे ही आनंदाची वार्ता नसे. उलट, संस्थानाची अखेर करणारी सप्टेंबर १९४८ मधील लष्करी मोहीम ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या नावानेच लोकांच्या स्मरणात राहिली. येथील जुन्या पिढीच्या बोलण्यात एकच शब्द अशा रीतीने जाच आणि सुटका या दोहोंशी निगडित आहे. या स्मृतीचा आजच्या चित्रपटप्रेमाशी थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु गणवेशातील पुरुषाकडून एकाच वेळी भय आणि तारण यांची अपेक्षा करणारी मनोवृत्ती पडद्याने शून्यातून निर्माण केलेली नाही, एवढे निश्चित.

तिसरे कारण आर्थिक असून ते बहुधा सर्वांत बलवत्तर आहे. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या विभागातील शेतकरी कुटुंबाच्या मुलाला राज्यसत्तेचे जे रूप जवळून दिसते व आवाक्यातील वाटते, ते पोलीस ठाण्याचे. लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षकपदाची परीक्षा, निदान शिपाईभरती, यांसाठी शहरात येऊन खोली घेऊन राहणारे तरुण पुष्कळ आहेत. शिपाईभरतीच्या चाचणीतील १६०० मीटरचे अंतर पहाटे धावून मोजणाऱ्याला बाजीराव हा दूरचा नट राहत नाही. गावातून निघून वर्दीपर्यंत पोहोचलेला आणि वर्दी मिळाल्यावरही गावच्या माणसांत मान राखून असलेला असा तो त्याच्याच वर्गातील यशस्वी माणूस असतो. या तरुणांची आकांक्षा हास्यास्पद ठरविणाऱ्या टीकाकारांना तिच्यामागची निकड कळलेली नाही.

मराठी साहित्याला फौजदार नवा नाही. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. त्यातील अनंत वेलणकर आणि तमिळ दुरै सिंगम यांच्यांत एक अनपेक्षित साम्य आहे. दोघेही स्वतःच्या इच्छेविरुद्ध, वडिलांच्या आग्रहाने पोलिसात आलेले आहेत. दोघांसमोरही राजकारणात हात असलेला गुंड आहे, आणि दोघेही त्याला अखेरीस ठार करतात. पण वेलणकराचा संताप कोठडीतील एका क्षुल्लक चोराच्या जिवावर उठतो. निलंबनातून सुटण्यासाठी त्याला ज्याचा तिटकारा आहे त्याच रामा शेट्टीच्या दारी जावे लागते. आणि तेथे त्याच्या हातून खून झाल्यावर तो ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो. सटकणे म्हणजे काय याची पुरी किंमत त्या कथेत मांडलेली आहे. वेलणकराचे सामान्यनाम झाले नाही. कोणत्याही अधिकाऱ्याला ‘आमच्या जिल्ह्याचा वेलणकर’ म्हणवून घेणे आवडले नसते.

‘सिंघम’ या बिरुदाचे ओझे अधिकाऱ्यांनाही वाहावे लागते. मेळघाटातील हरिसाल येथील ज्या स्त्री वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला ‘लेडी सिंघम’ म्हटले जाई, तिने मार्च २०२१ मध्ये आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. हिंदी चित्रपटाचा आरंभ ज्या घटनेने होतो तीच येथे प्रत्यक्षात घडली. मात्र पुढे सर्व दल एकवटून धावून येण्याचा जो भाग पडद्यावर आहे, त्याला वास्तवात जागा नव्हती. बिरुद देणारा समाज अधिकाऱ्याकडून एकाकी धैर्याची अपेक्षा करतो आणि त्याला संरक्षण देणाऱ्या नियमांकडे दुर्लक्ष करतो, असा याचा अर्थ होतो.

हे नियम अस्तित्वात नाहीत असे नव्हे. दोन्ही चित्रपटांची कथा ज्या बदलीवर फिरते, त्या बदलीच्या हत्यारालाच बोथट करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात केला. ठाणेप्रमुखासह महत्त्वाच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाल मिळावा, हा त्यातील सात आदेशांपैकी एक होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून उपनिरीक्षक व निरीक्षक यांना एका ठाण्यात दोन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाल ठरवून दिला. प्रशासकीय निकडीच्या नावाखाली त्याआधी बदली करण्याची वाटही त्यात ठेवलेली आहे. बाजीरावाला खरा उपयोग या कलमाचा होता. पण कलमाच्या आधारे दाद मागणारा फौजदार पडद्यावर कोण पाहील, हा प्रश्न निर्मात्याने विचारला तर त्याला दोष देता येत नाही.

त्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकींतील मृत्यूंच्या चौकशीसाठी सोळा कलमी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. हा खटलाही महाराष्ट्रातूनच गेलेला होता: १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली, त्यांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न त्यात होता. म्हणजे चकमकीचे आकर्षण ‘सिंगम’च्या कितीतरी आधीचे आहे, आणि त्याचा दोष एका चित्रपटावर ढकलणे अशास्त्रीय ठरेल. चित्रपटाने जे दिले ते त्या आकर्षणाला एक सुटसुटीत, सभ्य आणि विनोदी नाव.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी प्रकाश सिंग निर्णयाच्या स्मरणार्थ सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या एका समारंभात नेमका हा मुद्दा मांडला. सबंध दल एका पुढाऱ्यावर तुटून पडते आणि न्याय झाला असे दाखविले जाते, तो खरोखर झाला काय, असा प्रश्न त्यांनी ‘सिंघम’चे नाव घेऊन विचारला, असा संदेश घातक असल्याचे सांगताना लोकांच्या अधीरतेकडेही त्यांनी बोट दाखविले. सुमारे एका वर्षाने, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर येथील बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून ठार झाला. काही ठिकाणी फलक लागले, अभिनंदने झाली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आले. आरोपीने केलेला गुन्हा खरा होता की खोटा, हे ठरविण्याची संधी न्यायालयाला आता उरलेली नाही. फिर्यादीच्या बाजूलाही ती उरलेली नाही, आणि हे नुकसान टाळ्या वाजविणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. याच प्रकारचा प्रसंग हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये घडला होता. तेथे चार संशयितांना ठार करणाऱ्या पोलिसांवर लोकांनी फुले उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस त्यात निघाली. तोवर फुले वाळून गेली होती.

या साऱ्याचा सर्वांत कठोर हिशेब मूळ चित्रपटाच्या गावीच झाला. जून २०२० मध्ये तूत्तुकुडी जिल्ह्यातील सातानकुळम येथे टाळेबंदीच्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून एका दुकानदार पित्याला व त्याच्या मुलाला पोलिसांनी धरून नेले. कोठडीतील मारहाणीनंतर दोघेही मरण पावले. दुकानदाराचा मुलगा फौजदार होतो ही ‘सिंगम’ची कथा, त्याच जिल्ह्यात दुकानदाराचा मुलगा पोलिसांच्या कोठडीतून जिवंत परत आला नाही. दिग्दर्शक हरी यांनी त्यानंतर जाहीर निवेदन काढून, पोलिसांचा गौरव करणारे पाच चित्रपट केल्याबद्दल खेद व्यक्त केला. लोकप्रियतेच्या शिखरावरील दिग्दर्शकाने आपल्या यशाविषयी असे बोलणे आपल्याकडे दुर्मिळ आहे. हिंदी मालिका मात्र पुढेच चालली: ‘सिंघम रिटर्न्स’ (२०१४), मराठी संग्राम भालेराव नायक असलेला ‘सिंबा’ (२०१८), ‘सूर्यवंशी’ (२०२१) आणि ‘सिंघम अगेन’ (२०२४).

दुरै सिंगम साकारणारे सूर्या २०२१ साली ‘जय भीम’ या तमिळ चित्रपटात वकिलाच्या वेषात आले. १९९३ मधील एका प्रत्यक्ष प्रकरणावर आधारलेल्या या कथेत पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या आदिवासी माणसासाठी तो वकील बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज घेऊन मद्रास उच्च न्यायालयात लढतो. चित्रपटाचे नाव या शहराला समजावून सांगण्याची गरज नव्हती, आणि त्याच्या अखेरीस दिलेली कविताही मराठीतून घेतलेली आहे. म्हणजे देवाणघेवाण एकाच दिशेने चाललेली नाही. हिंदी आवृत्तीमुळे हाही चित्रपट येथे पोहोचला. तरी त्यातील वकिलाचे नाव अद्याप कोणत्याही मराठी मथळ्यात बिरुद म्हणून आलेले दिसत नाही.

‘सिंघम’ हे मराठी वृत्तपत्रांत सामान्यनाम म्हणून नेमके केव्हापासून छापले जाऊ लागले, आरंभी ते अवतरणचिन्हांत येत असे काय, आणि ती चिन्हे केव्हा गळाली, हे २०११ नंतरच्या जिल्हा आवृत्त्यांचे अंक क्रमाने पाहिल्यास ठरविता येईल. शहरातील ग्रंथालयांत ते अंक जोवर एकत्र मिळू शकतात, तोवर हे काम हाती घेणे इष्ट होय.